नववी-बची गाऱ्हाणी

२१ एप्रिल, रविवार

पुन्हा फ्रान्स! सोळा वर्षं मस्कतला शिकवतेय. दर एप्रिलला राजाचं मुंडकं उडतं. कारणं पाच, परिणाम पाच. मुली पाठ करतात, मी बरोबरच्या खुणा करते. प्रिन्सिपल सरांचं दरवर्षीचं एकच — "मॅडम, वो राजा-रानी जरा संभाल के. हम लोग मेहमान हैं."

आज काय अंगात आलं कोण जाणे. मुलींना सांगितलं, राजानेच आधी गावोगावच्या लोकांची गाऱ्हाणी लिहून मागवली होती. समजा तुम्ही तिथल्याच. लिहा एकेक पान.

अफशीनने हात वर केला. "मॅम, रिअल लिहायचं की जस्ट फॉर मार्क्स?"

वर्ग हसला. मी म्हटलं — रिअल.

२९ एप्रिल, सोमवार

पानं आली. बहुतेकींनी पाव महाग झाला, कर वाढले असं नेटवरून उतरवलंय. माझ्या सावनीनेही! आईच्या वर्गात आहे म्हणून तेवढी सूट घेते.

अफशीनचं पान मात्र वेगळं. ही जहूरभाईंची मुलगी. खेडकडची माणसं, मत्रहच्या सूक बाजारात कापडाचं दुकान. केजीपासून सावनीची जिवलग. लिहिते — 'दुसऱ्या मजल्यावरचं आमचं टॉयलेट ऑक्टोबरपासून बंद आहे. पाहुण्यांना दाखवायला नवं ठेवलंय. चारशे मुलींना खाली एकच. म्हणून आम्ही सकाळपासून दोनपर्यंत पाणी पीत नाही. राजाला हे माहीत नसेल, कारण राजाचं स्वतःचं आहे.'

मोठ्याने हसले. खाली लाल शाईने लिहिलं — उत्तम!

मग हसू थांबलं. ऑक्टोबरपासून! मी रोज त्याच दारावरून जाते. स्टाफचं वेगळं आहे, म्हणून मला कधी दिसलंच नाही.

६ मे, सोमवार

बेचाळीस डिग्री. सहावीतली एक मुलगी पीटीच्या तासाला कोसळली. अंगात पाणीच नव्हतं. नर्सने विचारलं, बेटा, पानी क्यों नहीं पीती? ती म्हणाली, "फिर जाना पडता है."

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चक् चक् केलं. मीसुद्धा.

७ मे, मंगळवार

काय दिवस!

प्रार्थना संपली आणि नववी-बच्या मुली खालीच बसल्या. चौतीसच्या चौतीस. घोषणा नाहीत, आरडाओरडा नाही. पीटी सर ओरडले, "यल्ला, यल्ला, क्लासमध्ये!" कोणी हललं नाही. मग सातवीच्या बसल्या, आठवीच्या बसल्या. अफशीन एकदाच उभी राहिली. "सर, वी जस्ट वाँट द की."

तिच्या शेजारी माझी सावनी, मांडी घालून, उन्हात. मला भीती वाटली. आणि — इथे लिहायला हरकत नाही — अभिमानही वाटला. इतका, की बाजूला जाऊन डोळे पुसले.

सव्वानऊला शिपाई किल्ली घेऊन आला.

८ मे, बुधवार

कुलूप उघडं! मुली मधल्या सुट्टीत बाटल्या तोंडाला लावून गटागटा पाणी पीत होत्या. नुसतं पाणी पिण्यात एवढा आनंद!

वर्गात पॅरिसच्या बायकांचा तास घेतला. पावसात चालत गेल्या, राजाला घेऊनच परतल्या. असं ऐकलं मुलींनी, की बेल झालेली कळली नाही. पुढचं सांगायचं टाळलं — चार वर्षांत त्याच बायकांच्या मंडळांवर बंदी आली ते.

१२ मे, रविवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवतात तेव्हाच घाबरावं माणसाने.

"मॅडम, कोणीतरी सुरू केलं असेल ना. आपल्या तासाला काही लेखी काम झालं, असं कानावर आलंय."

मी चहाचा कप पुढे ओढला.

"सावनी पण बसली होती ना खाली? पुढच्या वर्षी दहावी आहे तिची." साखर ढवळत होते. "मुझे बस वो एक पन्ना चाहिए. बाकी मैं देख लूंगा."

घरी नंदूला सांगितलं. त्याने टीव्हीवरून नजरही काढली नाही. "दे ना. कागदच तर आहे. आपली मुलगी आधी बघ."

कागदच तर आहे.

१३ मे, सोमवार

दिला.

सरांनी तारीख बघितली. "म्हणजे आठवडाभर प्लॅनिंग चाललं होतं." मग त्यांचं बोट माझ्या लाल शाईवर थांबलं. "हे उत्तम — आपण लिहिलंय?"

मी म्हटलं, "तेव्हा मला कल्पना नव्हती, सर. मी फक्त भाषा बघून लिहिलं."

भाषा बघून! हे वाक्य आपोआप आलं तोंडात. आधीपासून तयार असल्यासारखं.

१४ मे, मंगळवार

अफशीनला दाखला देणार. बाकी तेहतीस जणींनी माफीपत्र लिहायचं.

१५ मे, बुधवार

सावनी लिहीत नव्हती. काल संध्याकाळपासून कोरा कागद समोर घेऊन बसलेली. "आई, पण आमचं चुकलं काय? तूच शिकवलंस ना?"

मी म्हटलं, पुस्तकातलं पुस्तकात. इथे बाबांचा व्हिसा आहे, तुझी दहावी आहे. लिहून टाक, खलास.

"आणि अफशीन?"

"तिचे आईवडील बघतील."

लिहिलं तिने. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. एकदाही मान वर केली नाही.

१७ मे, शुक्रवार

जहूरभाई आणि त्यांची बायको बिलकीस सकाळी वादी अदाईला आमच्या घरी आले. दोघं सोफ्याच्या कडेवर बसले. भांडायला आले असते तर सोपं गेलं असतं.

"बाई," जहूरभाई म्हणाले, "माज्या पोरीनं खोटा काय लिवलान, तेवढा सांगा."

काही नाही, म्हटलं. खोटं काही नाही.

"मंग तुमी सरास्नी सांगा ना. तुमचा ऐकतील ते."

मी म्हटलं, बघते. इन्शाल्ला म्हटलं! त्यांच्याच तोंडचा शब्द त्यांना दिला, नाही म्हणायची हिंमत नव्हती म्हणून. बिलकीसला कळलं. ती तेवढ्यावरच उठली. चहा तसाच राहिला.

दुसऱ्या शाळेत जागा नाही. अफशीनला खेडला काकांकडे पाठवतायत. सावनी तिच्या खोलीतून बाहेर आली नाही.

२१ मे, मंगळवार

दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कुलूप. 'दुरुस्ती चालू आहे.' कोणी विचारलं नाही. मीही नाही.

२६ मे, रविवार

सावनी शहाण्यासारखी वागतेय. वेळेवर उठते, अभ्यास करते, विचारलं तेवढंच बोलते. नंदू म्हणाला, "बघ, आली की नाही ताळ्यावर?"

२ जून, रविवार

उन्हाळी सुट्टीआधीच्या चाचणीचे पेपर तपासतेय. नावं नसतात, फक्त नंबर. प्रश्न सातवा — राज्यक्रांतीचे कोणतेही तीन परिणाम लिहा. गुण पाच. बत्तीस मुलींनी एकच ओळ लिहिलीय, शब्दन् शब्द तीच — 'अफशीन आता आमच्या वर्गात नाही.' पाच गुणांवर पाणी सोडून.

एकीनेच पूर्ण उत्तर लिहिलंय. तिन्ही परिणाम मुद्देसूद, मी सांगते तसे, प्रत्येकाखाली पट्टीने रेघ. अक्षर ओळखलं.

सावनी.

पाचपैकी पाच द्यावे लागले.