आईने भरलेल्या शालीची वारस

मी, खाली सही करणारी, विधवा, धंदा भरतकाम, राहणार वसाहतीतली कोपऱ्यावरची खोली. डोळे अधू झाले असले तरी डोकं शाबूत आहे. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव टाकणारे हल्ली इकडे फिरकत नाहीत. माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावं.

१. खोली व बँकेतली शिल्लक मुलीला. खोली विकायचा विषय जावयाने काढू नये.

२. शिलाई मशीन शेजारणीला. पायडल अडतं, ते तिला माहीत आहे.

३. शाल. ही आईने माझ्या लग्नासाठी भरली. गावात गोळीबार सुरू झाला तेव्हा अंगावर होती, म्हणून वाचली. पुढे शहरात एका संस्थेच्या बाईंनी आम्हा निर्वासित बायकांसाठी कपड्यांचा कारखाना काढला. मजुरी वेळेवर मिळे, खोटं कशाला बोलू. प्रदर्शनापुरती म्हणून बाईंनी शाल नेली, ती दुकानात काचेआड गेली. तिच्यावरची वेलबुट्टी यंत्रावर छापून निघू लागली आणि प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठीवर माझा फोटो. फोटोवाला म्हणाला होता, "आजी, हसू नका."

शाल मागितली की बाई म्हणायच्या, "ताई, इथे ती सुरक्षित आहे." माझ्या धाकट्या जावेला मी त्या पळापळीत हाताला धरून आणलं होतं. तिने सही करून दिली की शाल मी राजीखुशीने दान केली. लगेच ती देखरेखीच्या खुर्चीवर बसली.

मग शालीला कसर लागली. दुरुस्तीला माझ्याकडेच आली. मी घरी नेली आणि परत दिली नाही. बाई दारात आल्या. "ताई, ती संस्थेची आहे."

"माझ्या आईला तुमची संस्था ठाऊक नव्हती," म्हणून मी दार लावलं. दुसऱ्या दिवशी माझं काम बंद झालं. फोटो चालूच आहे.

शाल मुलीला. तिने ती थंडीत पांघरावी, स्वयंपाक करताना खांद्यावर असू द्यावी. डाग पडले तर पडोत.

४. बाईंना माझ्या मयताला येऊ द्यावं, भाषण करू देऊ नये.

५. जावेला काही नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून तिला मुद्दाम साक्षीला बोलावलं. ती आत्ता समोर बसली आहे. "जाऊबाई, आधी वाचून बघू का?" असं विचारते आहे. या खेपेला वाच, असं मी तिला सांगितलं आहे.

सही : (करणारीची)

साक्षीदार :
१. वकिलांचे कारकून
२. धाकटी जाऊ

ठिकाण : राहती खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर

शेरा : दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीवर पाणी पडून शाई फुटली आहे. सही तिचीच आहे. — वकील