फक्कीच्या चौकोनातली लढाई

सर, आज सातवीतल्या एका मुलीने मला हरवलं आणि तुमची फार आठवण आली. सावेडीतल्या एका शाळेत मी संगणक शिकवते. मुलं पडद्यावरच्या रोबोसाठी प्रोग्रॅम लिहितात, मग दोन रोबो एका चौकोनात सोडायचे. ज्याची शक्ती आधी संपेल तो हरला. पालकांना वाटतं, हे काहीतरी नवीन, परदेशातलं. मी त्यांना सांगते, मी हे राहुरीला शिकले, शाळेच्या मैदानात, संगणकाशिवाय.

संगणक तसा होता एक, पण कायम कापडाखाली झाकलेला. तुम्ही म्हणालात, "त्याची वाट बघत बसलो तर तुमी म्हातारे व्हाल," आणि खो-खोच्या मैदानाची पांढरी फक्की आणून जमिनीवर चौकोन आखलेत. रोबो आम्हीच. चिठ्ठीवर सूचना लिहायच्या: समोर कोणी असेल तर टपली मार, नसेल तर एक घर पुढे, कड आली तर उजवीकडे वळ. तीन टपल्या बसल्या की बाद. आणि तुमचा तो अजब नियम, की आपली चिठ्ठी आपण चालवायची नाही, समोरच्याने चालवायची. "चिठ्ठीत हाय तेवढंच करायचं. सोताचं डोकं दप्तरात ठिवा," असं तुम्ही ओरडायचात आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

त्या दिवशी माझी लढत तुमच्याशीच लागली. तुमची चिठ्ठी माझ्या हातात, माझी तुमच्या. मी कडेकडेने चालतेय, तुम्ही मागून येताय. कोपऱ्यावर मी वळायला थांबले की तुमची टपली माझ्या डोक्यात. एक कोपरा, दुसरा, तिसरा. चिठ्ठी तुमची, म्हणून मार खाल्ला मी आणि हरलात तुम्ही! एक पाऊल चुकवलं असतंत तर कोणाला कळलंही नसतं, पण तुम्ही माझी चिठ्ठी इमानाने चालवलीत आणि स्वतःला हरवलंत. असा माणूस मी पुढे पाहिला नाही.

नियमाप्रमाणे हरलेल्याने जिंकलेल्याची चिठ्ठी मोठ्याने वाचायची. चष्मा कपाळावर सरकवून तुम्ही ती सगळ्या वर्गापुढे वाचलीत. मी लाजून म्हणाले, "नशीब, सर." तेव्हा मात्र तुम्ही चिडलात. "यंत्राला नशीब नसतं, पोरी. कागदावर हाय तेच हुतं. माझं कुठं चुकलं, शोध." मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. तीन भावांच्या घरात वाढल्यामुळे असेल, मी लिहिलं होतं, मार बसला तर मागे वळून बघ. तुमच्या चिठ्ठीत ते नव्हतं. "सर, मागून कोणी मारलं तर काय करायचं, ते तुमी लिवलंच न्हाई." तुम्ही लाल पेनाने तुमच्या चिठ्ठीवर 'चूक माझी' असं लिहून, खाली सही करून ती मला देऊन टाकलीत. अजून ती माझ्या पर्समध्ये असते.

आता माझं ऐका. शिकवायला लागले त्या पहिल्याच वर्षी मी वर्गापुढे हरले, मुलं हसली आणि मला ते सोसलं नाही. घरी जाऊन मी माझ्या रोबोत एक ओळ घातली, त्याला बसलेला मार निम्माच मोजायचा. पडद्यावर सुरुवातीला शक्ती दोघांची सारखीच दिसते, त्यामुळे कोणाला कळत नाही. तेव्हापासून मॅडमचा रोबो हरत नाही, अशी शाळेत ख्याती आहे. आज जिंकलेली ही मुलगी पाथर्डीकडची, मावशीकडे राहून शिकते. सहा आठवडे रोज काहीतरी सुधारून आणायची आणि हरायची. परवा वही मिटून म्हणाली, "मॅडम, मला न्हाई जमायचं. माझं डोकंच न्हाई यातलं. मी ह्या तासातून नाव काढून घेते."

काल घरी मी ती ओळ काढून आमची लढत दहा वेळा लावली. नऊ वेळा ती जिंकली. आज सकाळी गुपचूप तसाच रोबो वर्गात नेला, तिला म्हटलं, जाताजाता एकदा खेळ. ती जिंकली. वर्ग बाकं बडवत होता. मी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिचा प्रोग्रॅम ओळ न ओळ मोठ्याने वाचला, अगदी तुम्ही वाचलं होतंत तसा.

तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. "मॅडम, मी ह्यात काहीच बदललं नव्हतं. परवाचाच हाय. मग आज कशी जिंकले?"

सर, मी तिला म्हणाले, "नशीब."

ती मान हलवून गेली. तिने नाव काढून घेतलं नाही, पण माझ्याकडे पुन्हा बघितलंही नाही. खरं तर हे पत्र तिला लिहायला हवं होतं. तुम्ही गेलात, आता काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.