चुन्याचे मोर

कारंजा, १९३१

ती. शालिग्रामदादा,
नमस्कार.

कापसाचा भाव कोसळलेला असताना तुम्ही घराच्या दर्शनी भिंतीवर चुन्याचे मोर काढायला लावलेत, म्हणून मी भर बाजारात तुमच्या डौलावर भाषण ठोकले. टाळ्या पडल्या आणि तुम्ही काम बंद केलेत.

काल तुमचे कारागीर बदरुद्दीनचाचा भेटले. म्हणाले, "बोल्ला तू लय चांगलं, बाबू. पण मोरायची हौस तुह्या दादाले नव्हती. मंदीत कोणी बांधून नाही राह्यलं, म्हून त्यानं मले काम काढून देल्लं."

आज चाचा मंगरूळच्या रस्त्यावर खडी फोडायला गेले. रविवारी माझी पुन्हा सभा आहे. चूक चारचौघांत कबूल करावी, असे मी लोकांना सांगतो. मला मात्र हे पत्र टपालात टाकवत नाही.

तुमचा धाकटा,
जगदेव