रोजची कॉपी महिन्यावर

दादा,

लॅपटॉपची डिस्क कायमची गेली. दुकानदार म्हणाला, "बाहेरच्या डिस्कवर कॉपी असेल तर काळजी नाही." मी छातीठोकपणे सांगितलं, रोज संध्याकाळी सातला होते. घरी येऊन पाहिलं तर शेवटची कॉपी एक तारखेची. 'रोज' काढून 'महिन्यातून एकदा' कोणी केलं, ते वहिनीनं सांगितलं. कॉपी चालू असताना लॅपटॉपवर तुझा सिनेमा अडकत होता म्हणे! एका शब्दानं विचारलं असतंस तर मी वेळ बदलून दिली असती.

याच महिन्यात, घशाच्या ऑपरेशनआधी आई अठरा दिवस रोज तासभर त्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंगसाठी बोलली; नंतर बोलता येणार नव्हतं, निदान आवाज तरी मागे राहावा म्हणून. तू एकदाही येऊन बसला नाहीस. शेवटच्या दिवशी तिनं मला खोलीबाहेर काढलं आणि फक्त तुझ्यासाठी बोलली. तुझं होतं म्हणून मी ते ऐकलंही नाही. आता ते कोणालाच ऐकता येणार नाही.

आज चार वाजता दवाखान्यात तू जा, आणि हे तिला तूच सांग. ती पाटीवर 'असू दे' लिहील. तो तिचा स्वभाव आहे, माझा नाही.