आई, मोरवेल फुलली

प्रिय आई,

तुमच्या मुलापासून वेगळी झाले, तरी दुसरी हाक तोंडात येत नाही. निघताना तुम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून मोरवेलीचं मूळ दिलंत. ते मी जिन्याशी कुंडीत लावलं. "मुळं सावलीत, शेंडा उन्हात," हे तुमचं सांगणं पाळलं. थंडी सरताना ती गुडघ्याएवढी ठेवून छाटलीही.

गेल्या वर्षी पावसाळा संपला आणि कठडा पांढऱ्या फुलांनी झाकून गेला. वास सगळ्या जिन्यात. एका सकाळी वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले दारात उभे.

"तुमची वेल माझ्या खिडकीत शिरलीय."

"मग कापून टाका!" मी चिडूनच म्हणाले.

"कापू कशी? खिडकी लावली तर चेंगरेल, म्हणून उघडीच ठेवलीय. आता थंडी वाजते. काय करू, ते विचारायला आलो."

आई, मी पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी.

यंदा वेल पुन्हा बहरलीय आणि आम्ही लग्न करतोय. हारही हिच्याच फुलांचे. काल त्यांच्या बहिणीने विचारलं, "तुमच्याकडून कोण येणार?" मला आईवडील नाहीत, हे तिला माहीत नव्हतं. मी पटकन तुमचं नाव सांगून बसले.

हे पत्र टाकणार नाही. अशी गोष्ट कुणी टपालाने विचारतं का? रविवारी मीच येते. रागवायचं तर समोर बसवून रागवा, पण नाही म्हणू नका.

तुमची,
सून होते तेव्हाही लेकच