ताप पाण्यात सोडायचा कायदा

प्रिय चिमणे,

आज तुझ्या हृदयाची तपासणी झाली आणि तू उड्या मारत आईबरोबर घरी गेलीस. मी मात्र तलावावरच्या माझ्या खोलीत येऊन बसलेय. पोहायला शिकवणारी बाई मी, शिट्टी फुंकण्यापलीकडे काही येत नाही. तेव्हा शुद्धलेखनावरून आत्याची टिंगल करायची नाही, सांगून ठेवते.

अगं, काय दाखवलं गं तपासणी करणाऱ्या त्या बाईंनी पडद्यावर! सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं, शेजारी शेजारी. तेव्हा तुझं हृदय फुगून नुसतं थरथरत होतं, जोरच नव्हता त्यात. आज कसं, मूठ आवळावी तसं आवळतं आणि सोडतं! झडपा अशा झरझर उघडत-मिटत होत्या की मी आ वासून बघतच राहिले. शेवटी त्या बाईच म्हणाल्या, "अहो, श्वास घ्या."

डॉक्टर तेव्हा समजावत होते ते आता कुठे डोक्यात शिरतंय. साधा सर्दी-तापाचा विषाणू, डोळ्यांना दिसणारही नाही एवढासा. एखाद्याच्या बाबतीत तो थेट हृदयाच्या स्नायूत जाऊन बसतो. त्याला हुसकायला अंगातलीच फौज धावते आणि त्या मारामारीत तो स्नायूच सुजतो. चोर पकडताना घरातलीच भांडीकुंडी फुटावीत, तसं. बहुतेकांचं आपसूक बरं होतं, कुणाकुणाच्या जिवावर बेततं. आणि नवल बघ, पाय मोडला तर आपण महिनाभर पाय वर करून बसतो. हृदयाला कुठली सुट्टी? सुजलेलं, दमलेलं, तरी ठोके देता देताच ते बरं होत राहिलं. तीस वर्षं मी पोरांना दम कसा धरायचा ते शिकवतेय, पण आत हे एवढं चाललेलं असतं हे कधी मनातसुद्धा आलं नाही. खरं सांगते, मला त्या पडद्यापुढे हात जोडावेसे वाटले.

घरी सगळे म्हणतात, आत्या होती म्हणून पोर वाचली. तुझे बाबा, एरवी माझ्याशी उभा दावा मांडणारा माझा धाकटा भाऊ, माझे हात धरून रडला. वहिनीने तर मला डोक्यावरच घेतलंय. तुला पाण्यातून मीच ओढलं, गाडीत मीच घातलं, हे खरं. पण त्याआधीची वीस मिनिटं आपल्या दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नाहीत.

आमच्या तलावावरचा जुना कायदा, ताप पाण्यात सोडून यायचा. माझ्या गुरूंनी मला अंगात ताप असतानाच उतरवलं, मी शेकडो पोरांना उतरवलं. त्या दिवशी काठावर येऊन तू म्हणालीस, ताप गेला, पण जिना चढताना धाप लागते, छातीत दुखतं. मी म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं! चल, दहा फेऱ्या." सातव्या फेरीला तू हात मारायची थांबलीस.

पोरगी आधी काही म्हणाली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी बेधडक "नाही" म्हणाले. तू शुद्धीवर आल्यावर त्यांनी तुलाही तेच विचारलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस, नाही म्हणून. सोळा वर्षांच्या पोरीने माझी अब्रू झाकली गं. सहा महिने मला अन्न गोड लागलेलं नाही.

आज डॉक्टरांनी तुला हळूहळू पोहायची परवानगी दिली आणि तुझे बाबा मला म्हणाले, "ताई, उद्यापासून ती तुझ्या हवाली. तू असताना आम्हाला कसला घोर?" मी सरळ इथे निघून आले. म्हणून हे पत्र. आता उठून तुमच्याकडेच येते. हे तुझ्या हातात देईन आणि मग तुझ्या बाबांसमोर बसून सगळं सांगेन. तो मला वाट्टेल ते बोलेल, तुला माझ्याकडे पाठवणारही नाही कदाचित. बोलू दे. तू मध्ये पडू नकोस, आणि तुला विचारलं तर या वेळी माझ्याकडे न बघता खरं सांग.

तुझीच,
आत्या