वृषालीचा ड्रोन उसात पडला त्याची हकिगत

निरगुडसर, मंगळवार

रखमाजी पाव्हणं यांना हौशीरामचा हात जोडून रामराम.

बिरोबाच्या कृपेनं इकडं माणसं, मेंढरं सगळी खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला गेला का? तुमची वृषाली (आता आमचीही तितकीच) ठणठणीत आहे, हे आधीच लिहितो. कारण ड्रोन पडल्याची बातमी पिंपरी पेंढारला पोचलीच असेल, आणि वाटेत त्याचं विमान झालं असेल.

तर पोरगी फवारणीचा ड्रोन चालवायला शिकून आली, ते आमच्या कारभारणीला, अंबाबाईला पसंत नव्हतं. सुनेनं दुसऱ्याच्या रानात जाऊन खेळणं उडवायचं, म्हणून घरात रोज भांडी आदळायची (दोन पातेल्यांना पोचे आलेत). पहिलं काम मिळालं ते शेजारच्या सावळारामच्या उसाचं. टाकीत गाळलेलं जीवामृत, आणि मी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सगळ्यांच्या पुढं. वारं सकाळपासून चाळे करत होतं. वृषाली म्हणाली, "मामा, वारं पडू द्या, मग उडवू." थांबलो. उसाचं पान हलेना झालं, तेव्हाच तिनं उडवला. डोक्याएवढा वर गेला असेल नसेल, तोच डोंगराकडून असा झपका आला की आधी सावळारामची टोपी गेली आणि मागोमाग ड्रोन कलला. बांधावरच्या शेवग्याला थडकला, दोन कोलांट्या मारल्या, जाता जाता टाकी माझ्यावर रिकामी केली आणि उसात शिरला. (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन. माश्यांनी दिवसभर माझी पाठ सोडली नाही.) मेंढरं पार ओढ्यापर्यंत पळाली.

लोक हसले ते ठीक, पण सावळाराम बोलला, "बायामाणसाचं काम न्हाई ह्ये." वृषालीचा चेहरा असा उतरला की मी अंगाचा वाससुद्धा विसरलो. तेवढ्यात गर्दीतून अंबाबाई पुढं आली. मला वाटलं, आता पोरीचं काही खरं नाही. पण ती वळली सावळारामकडं. "तू सोताचा ट्रॅक्टर हिरीत घातला, तवा आमी म्हणलं व्हतं का, गडीमाणसाचं काम न्हाई म्हणून?" मग स्वतः उसात शिरली, ड्रोनची मोडकी पाती पदरात गोळा केली आणि म्हणाली, "ऊठ पोरी. पातीच मोडल्यात, हात न्हाई मोडला." लग्नापासून पहिल्यांदाच तिनं सुनेला 'पोरी' म्हटलं. वृषाली रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

नारायणगावहून नवी पाती आणली. वारं पडलेलं बघून सावळारामचा ऊस फवारला, तोही त्यानंच पुन्हा बोलावल्यावर. आता अंबाबाई बांधावर पदराचं टोक धरून वारं बघते, आणि ती "हं" म्हणेपर्यंत ड्रोन जागचा हलत नाही. गावोगावची बोलावणी येतात. दोघी हसत जातात, हसत येतात. तेव्हा लेकीची काळजी तुम्ही सोडा, ती आता माझ्या बायकोनं घेतलीय.

मुलांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

तुमचा व्याही,
हौशीराम

ता.क. दोघी उजाडताच बाहेर पडतात त्या दिवेलागणीला उगवतात. तुमचा जावई सुनील त्याच्या नोकरीवर. घरी मी आणि मेंढरं. म्हणून खरं विचारायचं ते हे, की भाकरी तव्याला चिकटते ती कशानं? विहीणबाईंना विचारून लगेच कळवा.

आणखी एक. विचारताना माझं नाव घेऊ नका. तुम्हालाच शिकायची हौस आलीय म्हणा.